जुन्या बाईकच्या सेल्फचा बिघाड आणि साधा डिजिटल मल्टिमीटर : सहा महिन्यांच्या वापरानंतर

बाईक जुनी आहे, पॉइंट इग्निशनची (म्हणजे उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारे आणि त्यातून स्पार्क पाडणारे यांत्रिक कॉन्टॅक्ट असलेली), १२ व्होल्टची, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. सकाळी बटण दाबलं की कधी नुसता टक आवाज, कधी इंजिन जड जड फिरायचं आणि तरी चालू व्हायचं नाही, आणि मग किक मारली की दुसऱ्या तिसऱ्या किकला सुरू. बॅटरी बदलून झाली होती, प्लग बदलून झाला होता, पुढचा सल्ला सेल्फ मोटर बदला असा होता, तेव्हा म्हटलं आता बस, आधी मोजायचं आणि मगच काही विकत घ्यायचं. म्हणून हा मीटर घेतला. एकदम साधा, गोल नॉबवाला, ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारा, २० व्होल्ट डीसीची रेंज, ओहमची रेंज, डायोड, बीप (वायर जोडलेली असेल तर वाजणारा), आणि १० अँपिअरचं वेगळं सॉकेट. बस एवढंच. सहा महिने वापरला आणि जे कळलं ते सगळं लिहितोय, थोडं लांबेल.

पहिल्या दिवशी जे सगळे करतात तेच केलं, प्रोब (मीटरच्या वायरींची टोकदार टोकं) बॅटरीला लावले, १२.६ दिसलं. म्हणजे बॅटरी फुल. केबलना बीप लावून बघितलं, सगळीकडे खणखणीत बीप. ओहमवर लावलं तर ०.३, आणि दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.३, म्हणजे केबलचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) शून्यच समजायचा. सगळं ठीक, आणि बाईक चालू होत नाही! त्या संध्याकाळी खरंच वाटलं होतं की मीटर घेऊन काही उपयोग झाला नाही.

मग बसून नीट वाचलं, विचार केला, आणि इथेच या मीटरचा खरा उपयोग कळला. सेल्फ मोटर फिरताना ऐंशी शंभर अँपिअर सहज ओढते. आता ८० अँपिअरच्या वाटेत कुठे ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी १.६ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. आणि ०.०२ ओहम हा मीटर दाखवूच शकत नाही, याचा शेवटचा आकडाच ०.१ चा आहे आणि याच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स त्या ०.०२ च्या पंधरा पट आहे. बीपचं तर बोलायलाच नको, केबलची एकच तार शिल्लक असली तरी बीप येतो. म्हणजे सेल्फच्या जाड केबल ओहमवर किंवा बीपवर तपासण्यात काहीच अर्थ नाही, कुठल्याही मीटरने, महागड्या सुद्धा. त्या व्होल्टवरच तपासायच्या आणि त्यासुद्धा बटण दाबलेलं असताना, करंट वाहत असताना.

तर ते असं करायचं. नॉब २० व्होल्ट डीसीवर. गाडी न्यूट्रलला आहे हे दोनदा बघायचं. इंजिन चालू होऊ नये म्हणून प्लगची टोपी काढून तिच्यात जुना प्लग लावून तो इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून ठेवायचा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. (टोपी अशीच मोकळी लटकवून सेल्फ मारू नका, करंटला जायला वाट मिळाली नाही तर कॉइल खराब होऊ शकते.) आता एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, म्हणजे शिशाच्या पोलवर, वरच्या क्लॅम्पवर किंवा बोल्टवर नाही, आणि दुसरा इंजिनच्या केसिंगवर जिथे रंग नाही तिथे. बटण दाबायचं, तीन चार सेकंद, आकडा बघायचा, सोडायचं. चांगल्या गाडीत इथे ०.२ च्या आसपास किंवा कमी यायला हवं. माझ्याकडे २.६ आले!!

२.६ व्होल्ट नुसत्या अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतच्या वाटेत. म्हणजे बॅटरी बटण दाबल्यावर ११ वर येत होती (ते ठीकच आहे, साधारण ९.५ च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायचा), त्यातले २.६ अर्थला गेले, पॉझिटिव्ह बाजूला रिलेसकट (बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा स्विच) ०.३ गेले, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, आणि मोटरला पोचले ८.१. मग ती बिचारी फिरणार कशी. मोटर चांगली होती, आधीची बॅटरी सुद्धा बहुतेक चांगलीच होती. अर्थ केबलचा जो डोळा इंजिनला बोल्टने लागतो तो काढला तर खाली रंग आणि गंज, आणि केबलच्या टोकाला इन्सुलेशनच्या आत तांबं हिरवं पडलेलं. डोळा कापून नवीन बसवला, खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, घट्ट आवळलं, वरून ग्रीस. परत मोजलं, ०.१५. बटण दाबलं आणि सेल्फ असा फिरला की मला वाटलं दुसरीच गाडी आहे. त्या दिवशी या मीटरचे पैसे वसूल झाले, खरंच सांगतो.

पण गोष्ट संपली नाही. आता सेल्फ जोरात फिरायचा तरी गाडी सेल्फवर दोनदा तीनदा नाटक करायची, किकवर लगेच. हे लक्षण लक्षात ठेवा, किकवर होते आणि सेल्फवर होत नाही. सेल्फ फिरताना बॅटरीचा व्होल्टेज पडतो, किक मारताना पडत नाही, म्हणजे इग्निशन कॉइलला (जी प्लगसाठी स्पार्कचा जास्त व्होल्टेज बनवते) आधीच कमी मिळत असेल तर सेल्फच्या वेळी स्पार्क अगदीच मरतुकडा होतो. कॉइलच्या पॉझिटिव्ह वायरवर मीटर लावला, चावी ऑन, १२.४. बॅटरीवरही १२.४. मग इथे काय बिघाड? परत तीच चूक होत होती. पॉइंट उघडे होते म्हणजे कॉइलमधून करंटच जात नव्हता, आणि मीटर स्वतः काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे मध्ये कितीही खराब कॉन्टॅक्ट असला तरी पूर्ण व्होल्टेज दिसतो. इंजिन हाताने हळू फिरवून पॉइंट बंद केले आणि परत बघितलं, १०.१. दोन सव्वादोन व्होल्ट वाटेत गायब. मग एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवरच ठेवला आणि दुसरा वाटेतल्या एकेका जागी नेत गेलो, फ्यूज, चावीचा कपलर (वायरींचा जोड), किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच). फ्यूजपर्यंत ०.१, चावीनंतर ०.४, किल स्विचनंतर २.३. किल स्विच उघडला, आतले पितळी कॉन्टॅक्ट काळे पडलेले. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक पेपर, पंधरा मिनिटांचं काम, आणि तेव्हापासून थंड इंजिन सुद्धा सेल्फवर पहिल्या बटणाला. (पॉइंट बंद असताना चावी जास्त वेळ ऑन ठेवू नका, कॉइल तापते. आकडा बघा आणि बंद करा.)

बाकी वापर पटापट सांगतो. चार्जिंग बघायला झकास आहे, इंजिन चार पाच हजार आरपीएमवर धरलं की बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर रेक्टिफायर (चार्जिंगचा व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बघा नाहीतर बॅटरी उकळून मरेल. प्लग टोपी मोजली, ५ किलोओहमची असायला हवी होती, मीटर अनंत दाखवत होता, टाकून दिली. गाडी बंद असताना बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह काढून मीटर मध्ये सिरीजमध्ये लावून गळती बघता येते, जुन्या साध्या गाडीत चावी बंद असताना जवळजवळ शून्यच हवं.

आता तक्रारी. सगळ्यात गंभीर, याच्या १० अँपिअर सॉकेटच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय की आत फ्यूज नाही. गळती मोजून झाल्यावर लाल वायर त्याच सॉकेटमध्ये विसरली आणि बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट आहे, वायर पेटू शकते. मी आता मोजून झालं की आधी प्रोब काढतो, मग लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घालतो, मग दुसरं काहीही. आणि त्या सॉकेटवर असताना सेल्फचं बटण चुकूनही दाबायचं नाही. या एका कारणासाठीच मी म्हणेन की फ्यूज असलेला मीटर मिळत असेल तर तोच घ्या.

दुसरं म्हणजे आकडा हळू बदलतो, सेकंदाला दोन तीन वेळाच, त्यामुळे सेल्फ दाबल्या क्षणीचा सगळ्यात खालचा आकडा हा पकडत नाही, मिन मॅक्सवाल्या (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा लक्षात ठेवणाऱ्या) मीटरमध्ये ते होतं. इंजिन चालू असताना आकडे कधी कधी वेड्यासारखे नाचतात, माझ्या गाडीत रेझिस्टर नसलेला प्लग होता त्याचा त्रास होता, रेझिस्टर प्लग घातल्यावर शांत झाले. कॉइलचा प्रायमरी (बॅटरीच्या बाजूचं वेटोळं) ओहमवर मोजताना ते वायरींचे ०.३ वजा करायला विसरू नका, माझा ४.३ दाखवत होता म्हणजे खरा ४, पण सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या) गाड्यांच्या कॉइल एक ओहमच्या खाली असतात, तिथे ही ०.३ ची चूक फार मोठी पडते. आणि मीटरचा सेल उतरला की हा व्होल्ट जास्त दाखवायला लागतो. मला एकदा चांगल्या गाडीत १५.६ चार्जिंग दिसलं आणि मी रेग्युलेटर काढायला बसलो होतो, नशिबाने स्क्रीनवरचं सेलचं चिन्ह दिसलं. नवीन सेल घातला, १४.३.

प्रोबची टोकं बोथट आहेत आणि वायर आखूड. मी दोन मगरीचे चिमटे जोडून घेतलेत, एकट्याने बटण दाबत आकडा बघायचा तर ते हवेतच. सोबत एक टेस्ट लॅम्प पण ठेवा, गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी, बस. खराब कॉन्टॅक्टच्या पलीकडे मीटर १२.४ म्हणत असतो तिथे हा बल्ब करंट ओढतो आणि मिणमिणतो, आणि मग लगेच कळतं की कुठल्या जागी स्विच उघडायचा.