ब्रिस्बेनच्या अंगणातला अनोळखी बेडूक: आवाजावरून ओळखावा की फोटोवरून?

पाठीवर चामखिळींसारखे उंचवटे दिसले की तो भेक (टोड), ही आपल्याकडची लहानपणापासूनची खूणगाठ क्वीन्सलँडमध्ये राहायला आल्यावर घात करते. ऑस्ट्रेलियात मूळचा भेक एकही नाही. उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून १९३५ मध्ये हवाईहून आणलेला केन टोड हा विषारी भेक मात्र क्वीन्सलँडमध्ये झपाट्याने फोफावला, आणि त्याच्या संशयावरून बँजो बेडकासारखे स्थानिक, निरुपद्रवी बेडूक आजही हकनाक मारले जातात. त्यामुळे ओळख पटवण्यासाठी कोणते साधन वापरावे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

ऑस्ट्रेलियन म्युझियमचे फ्रॉगआयडी हे २०१७ मध्ये सुरू झालेले ॲप केवळ आवाजावर चालते. पाऊस पडून गेल्यावर तळ्याकाठून मिनिटभराचे ध्वनिमुद्रण पाठवले की तज्ज्ञ ते प्रत्यक्ष ऐकून जात कळवतात. टेनिसचा चेंडू रॅकेटवर बसावा तसा ‘टॉक’ आवाज करणारा पट्टेरी दलदली बेडूक आणि दूरवर मोटार चालू असावी तशी लांबलचक घरघर करणारा केन टोड यांची गल्लत कानाला सहसा होत नाही. पण साद घालतात ते नर. पायरीवर गप्प बसलेल्या मादीपुढे हे ॲप निरुपयोगी ठरते, आणि उत्तर तत्काळ मिळेलच असे नाही.

आयनॅचरलिस्ट हे दुसरे ॲप फोटोवर चालते, लगेच नाव सुचवते आणि मग इतर जाणकार ते तपासतात. सुचवलेल्या पहिल्या नावावर विसंबू नये. फोटो फक्त वरच्या कोनातून न काढता बाजूनेही काढावा, म्हणजे डोळ्यावरून नाकाकडे उतरणारी हाडाची कड आणि डोळ्यामागून खांद्यावर आलेली मोठी फुगीर विषग्रंथी दिसते. दोन्ही असल्यास तो केन टोड. बँजो बेडकाची ठळक ग्रंथी मागच्या पायाच्या नडगीवर असते. अंगठ्याएवढ्या पिल्लांत मात्र या खुणा पुरेशा उमटलेल्या नसतात.

दारात आलेल्या पाहुण्यासाठी मी आयनॅचरलिस्ट सुचवेन, तर रात्री ऐकू येणाऱ्या, न दिसणाऱ्या बेडकांसाठी फ्रॉगआयडी. मात्र जाणकाराचा दुजोरा मिळेपर्यंत त्या जिवाला हात लावू नये, मारण्याचा तर विचारही करू नये, आणि कुत्रा असेल तर त्याला आधी आत घ्यावे, कारण केन टोडचे विष त्याच्या जिवावर बेतू शकते.