पाम खुरटलाय: खत घालावं की कुंडी बदलावी?

एरिका पाम वर्षभर तेवढाच दिसत असेल, तर सल्ले दोनच मिळतात: खत घाल, नाहीतर मोठ्या कुंडीत लाव. दोन्ही बरोबर, पण सहसा एकाच झाडाला नाहीत. नुसत्या उपाशी झाडाची मुळं हलवली तर ते कित्येक आठवडे मान टाकून बसतं. आणि मुळंच गुदमरलेली असतील, तर घातलेलं खत क्षार होऊन साचतं, झावळ्यांची टोकं करपतात.

आधी वाढ खरंच थांबलीय का ते बघा. मधल्या सुईवर, म्हणजे न उलगडलेल्या नव्या पानावर, आणि शेजारच्या जुन्या देठावर एकाच उंचीला मार्करने आडवी रेघ मारा. पंधरवड्यात सुईवरची रेघ वर सरकली, तर झाड चालू आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाच्या थंडीत ती फारशी सरकत नाही. तेव्हा काहीच करू नका. खोलीत दिवसा पेपर वाचायला दिवा लागत असेल, तर दोन्ही उपाय फुकट. आधी जागा बदला.

यापुढचा निवाडा झावळ्या करतात.

खालच्या, जुन्या झावळ्या बिघडल्या आणि नवी पानं बरी असतील, तर बाजू खताची. फिकेपणा खालून सुरू होऊन सगळ्या झाडावर पसरत असेल तर बहुतेक नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय: कुंडीत गांडूळखत, किंवा लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) पंधरा दिवसांनी एकदा, तेही माती ओली असताना. झावळीच्या कडेला रुंद पिवळा पट्टा आणि मधे हिरवं असेल, तर मॅग्नेशियमची कमतरता. नारिंगी-पिवळे ठिपके आणि वाळलेली टोकं दिसली, तर पालाशची (पोटॅशची). इथे सरसकट एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) टाकण्याची जी फॅशन आहे ती नडते, कारण जादा मॅग्नेशियमने पालाशची तूट आणखी वाढते. ठिपक्यांच्या झावळ्या पूर्ण वाळेपर्यंत कापूही नका. झाड त्यांच्यातलाच पालाश काढून नव्या पानांना देत असतं.

नवी पानंच बारकी, पिवळट आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं असेल तर संशय मुळांवर घ्या. तिथे लोह कमी पडतंय, पण बऱ्याचदा ते मातीत नसतं म्हणून नाही. नर्सरीची चिकट लाल माती घट्ट बसते, पाणी तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही. बुंधा खोल गाडला असला तरी हेच होतं. (नवं पान चुरगळलेलं, करपलेलं आणि मुळं मात्र ठणठणीत, तर मँगनीज बघा. सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करा.)

नुसत्या दाटीला घाबरू नका. पामला तंग कुंडी चालते, आणि भरगच्च दिसावं म्हणून नर्सरीवाले एका पिशवीत ढीगभर रोपं कोंबतातच. ती सुटी करायला जाऊ नका. पाणी घातल्याबरोबर खालून धो धो बाहेर येत असेल किंवा प्लास्टिकची कुंडी फुगली असेल, तरच मोठी घ्या, तीही दोनच इंचांनी. बदल जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. मुळांसकट मातीचा गड्डा अखंड ठेवा, आधी होता त्याच खोलीवर बसवा. मुळं काळी, बुळबुळीत, वास मारणारी निघाली तर मोठी कुंडी उलट घात करते, कारण जादा माती जास्त वेळ ओली राहते. कुजकी मुळं कापा आणि कोकोपीट, जाड वाळू नि थोडी माती घालून तेवढ्याच मापाच्या कुंडीत लावा.

तरीही ठरत नसेल, तर मी खताच्या पुडीआधी कुंडी आडवी करेन. हलकेच थोपटलं की गड्डा सरकतो, बघून परत बसवता येतो, पैसाही लागत नाही. दोन्हीची गरज निघाली तर कुंडी आधी. रासायनिक खताला नवी सुई वाढायला लागेपर्यंत, निदान महिनाभर, हात लावू नका.