स्पॅनिशचा ‘निवडणूक आणि शासन’ कार्डसंच : बरेच महिने वापरल्यावर

स्पॅनिश शब्द पाठ करायच्या या कार्डसंचाच्या वर्गणीचं दुसरं वर्ष न विचारता सुरू झालं आणि पैसे कापले गेले, म्हणून हे सविस्तर लिहितोय. बाजारातल्या बऱ्याच तयार संचांची घडण सारखीच असते. पुढे स्पॅनिश शब्द, मागे इंग्रजी अर्थ, एक ध्वनिमुद्रण आणि एक वाक्य. बी-१ ही मधली पातळी ओलांडून स्पॅनिश बातम्या वाचू लागलेल्या माणसासाठी या संचातली शब्दांची निवड चांगली आहे. माझी तक्रार एकच आहे आणि तीच सगळ्यात मोठी आहे: कार्डावर देशाचं नाव नाही.

भाजीपाल्याच्या शब्दांत हे खपतं. बटाट्याला स्पेनमध्ये पाताता म्हणतात, मेक्सिकोत पापा. दुसरा शब्द वापरला तरी दुकानदाराला कळतं. निवडणुकीचे शब्द मात्र त्या त्या देशाच्या कायद्याने ठरलेले असतात, आणि तोच शब्द शेजारच्या देशात वेगळ्याच वस्तूचं नाव असतो.

मतपत्रिकेचं कार्ड घ्या. संचात मागे ‘बॅलट’ आणि पुढे तिरक्या रेघा मारून ‘पापेलेता / बोलेता / तार्खेतोन / सेदुला’. यातलं पापेलेता स्पेनचं, बोलेता मेक्सिको आणि आर्जेन्टिनाचं, तार्खेतोन कोलंबियाचं आणि सेदुला (पूर्ण नाव सेदुला दे सुफ्राखियो) पेरूचं. पण कोलंबियात नुसतं सेदुला म्हटलं की ओळखपत्र. म्हणजे पेरूत जी पेटीत टाकायची, ती कोलंबियात केंद्रावर दाखवून परत खिशात ठेवायची. पेटीचंही तेच: बहुतेक ठिकाणी उर्ना, पेरूत आन्फोरा. हे सगळं एका कार्डावर कोंबलं की चारही शब्द ‘ओळखीचे’ होतात, पण वेळेवर नेमका एकही आठवत नाही.

पोलिंग एजंटचं, म्हणजे मतदान केंद्रावर पक्षातर्फे बसणाऱ्या माणसाचं, कार्ड याहून वाईट. स्पेनमध्ये तो इंतेर्बेन्तोर, मेक्सिकोत रेप्रेसेन्तान्ते दे कासिया, पेरूत पेर्सोनेरो, चिलीत आपोदेरादो, कोलंबियात तेस्तिगो एलेक्तोराल आणि आर्जेन्टिनात फिस्काल. आता फिस्काल म्हणजे सरकारी वकीलही, आणि तो अर्थ आर्जेन्टिनातही चालतो. मतदानाच्या दिवशीच्या बातमीत ‘फिस्कालेस’ दिसले तर ते पक्षाचे लोक, न्यायालयाच्या बातमीत दिसले तर सरकारी वकील. कोलंबियात पेर्सोनेरो हा पालिकेच्या पातळीवरचा अधिकारी असतो, पक्षाचा माणूस नव्हे. संचातल्या कार्डावर यातलं काही नाही.

मतदार यादीला संच ‘सेन्सो / पाद्रोन’ म्हणतो. स्पेनमध्ये यादी म्हणजे सेन्सो एलेक्तोराल; पाद्रोन ही नगरपालिकेकडची रहिवाशांची नोंद. मेक्सिकोत पाद्रोन एलेक्तोराल आणि लिस्ता नोमिनाल अशा दोन याद्या आहेत. ज्यांनी मतदार ओळखपत्रासाठी अर्ज केला ते पहिल्या यादीत, ज्यांनी ते हातात घेतलं ते दुसऱ्या यादीत. मतदान होतं दुसऱ्या यादीवर. महापौराच्या कार्डावर ‘आल्काल्दे / इन्तेन्देन्ते / प्रेसिदेन्ते मुनिसिपाल’ आहे, त्यातला इन्तेन्देन्ते आर्जेन्टिनाचा. मेक्सिकोत ‘पेर्सोनाल दे इन्तेन्देन्सिया’ म्हणजे सफाई कर्मचारी.

मागच्या बाजूच्या इंग्रजीबद्दल सुरुवातीला माझं काही म्हणणं नव्हतं, आता आहे. ‘प्रेसिदेन्ते देल गोबिएर्नो’च्या मागे शब्दशः इंग्रजी दिलंय आणि ते वाचून डोळ्यांसमोर राष्ट्राध्यक्ष येतो. स्पेनचा राष्ट्रप्रमुख राजा आहे, हे पद पंतप्रधानाचं. मराठीत ‘पंतप्रधान’ लिहिलं की पुढचे शब्द आपोआप जागेवर बसतात. इन्बेस्तिदुरा म्हणजे ३५० जणांच्या कनिष्ठ सभागृहात उमेदवारावर मतदान. पहिल्या फेरीत मायोरिया आब्सोलुता (एकूण सदस्यांचं बहुमत), म्हणजे १७६ मतं, लागतात; ती नाही मिळाली तर ४८ तासांनी मायोरिया सिम्प्ले (विरोधापेक्षा जास्त मतं) पुरते. २०२३ मध्ये विरोधी नेते फेइखो दोन्ही फेऱ्यांत १७२ वर अडकले, नोव्हेंबरात समाजवादी पक्षाचे सांचेस १७९ मतांनी पहिल्याच फेरीत निवडून आले. मोसिओन दे सेन्सुरा हा आपला अविश्वास ठराव, पण त्यात पर्यायी पंतप्रधानाचं नाव द्यावंच लागतं. १ जून २०१८ ला तेव्हाचे पंतप्रधान राखोय यांच्या जागी सांचेस आले ते असेच. वाक्यासाठी इतकी पक्की उदाहरणं असताना संचात ‘संसद महत्त्वाची आहे’ छापाची वाक्यं आहेत.

मराठीतही एका ठिकाणी जपावं लागतं. ‘बोतो एन ब्लांको’साठी (कोरं मत) ‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’, लिहू नका. स्पेनमध्ये कोरं मत वैध धरलं जातं, त्यामुळे जागावाटपात शिरण्यासाठी लागणारे मतदारसंघातले ३ टक्के काढताना ते मोजलं जातं, आणि लहान पक्षाची पायरी तेवढी वर जाते. बोतो नुलो (अवैध मत) त्यात धरत नाहीत. आपल्याकडे अनामत रक्कम जप्त करायचा हिशेब होतो तेव्हा नोटाची मतं धरत नाहीत. ‘कोरं मत (वैध)’ इतकंच लिहावं.

आता एक चांगली गोष्ट, जिच्याकडे मी बरेच दिवस दुर्लक्ष केलं होतं: क्रियापदांचा विभाग. ‘कोन्बोकार एलेक्सिओनेस’ (निवडणूक जाहीर करणे), ‘एमितिर एल बोतो’ (मत देणे), ‘तोमार पोसेसिओन’ (पदभार घेणे) असे अख्खे शब्दसमूह आहेत. बातमी वाचताना खरी मदत यांचीच होते. इथेही देश हवाच होता. राजीनाम्याला स्पेनमध्ये दिमितिर, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रेनुन्सियार. आणि मेक्सिकोच्या बातमीत ‘रेन्दिर प्रोतेस्ता’ दिसलं तर कुणी निषेध करत नाही, ती पदाची शपथ असते. राष्ट्राध्यक्ष म्हणून शेनबाउम यांनी १ ऑक्टोबर २०२४ ला घेतली ती हीच.

आर्जेन्टिनाची कार्डं शिळी झाली आहेत. प्रत्येक पक्षाची लांबलचक छापील बोलेता, आणि वेगवेगळ्या पदांसाठी ती कात्रीने कापून दोन पक्षांचे तुकडे एकत्र घालणं, हे सगळं संचात वर्तमानकाळात आहे. २६ ऑक्टोबर २०२५ च्या राष्ट्रीय निवडणुकीत बोलेता उनिका दे पापेल, म्हणजे सगळ्यांची नावं असलेली एकच मतपत्रिका, वापरली गेली. ‘कोर्तार बोलेता’ जुन्या बातम्यांसाठी ठेवा, पण वाक्य भूतकाळात करा.

दुरुस्ती स्वतःच करावी लागते, आणि दुरुस्त कार्डं अँकी या कार्डं पाठ करायच्या अ‍ॅपमध्ये घालायची. माझ्या संचातून मजकूर बाहेर काढता येतो, ध्वनी येत नाही. फाइल लिब्रेऑफिस कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये उघडताना यूटीएफ-८ ही अक्षरपद्धत निवडा, नाहीतर स्वरांवरच्या खुणा आणि देवनागरी दोन्ही बिघडतात. तिरक्या रेघेचं प्रत्येक कार्ड तोडून एका देशाला एक ओळ द्या. स्तंभ असे: खूण, देश, शब्द, मराठी अर्थ, वाक्य. पहिल्या स्तंभात नुसतं ‘सेदुला’ नको, ‘सेदुला-पेरू’ आणि ‘सेदुला-कोलंबिया’ हवं. अँकी पहिल्या फील्डवरूनच, म्हणजे पहिल्या स्तंभावरूनच, नोंद जुनी की नवी ते ठरवतं. दोन्हीकडे ‘सेदुला’ असेल तर आयात करताना दोन्ही ओळी नीट वेगळ्या राहतील याची खात्री नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला देश आणि शब्द, उलट्या कार्डावर (जे अर्थावरून शब्द विचारतं) देश आणि मराठी अर्थ. देश मागे टाकला तर सगळी मेहनत वाया.

देशागणिक वेगळे संच करावेत, असं मला आधी वाटायचं. तसं करू नका. पेरूच्या संचात बसलं की सगळी उत्तरं पेरूचीच असणार हे माहीत असतं, आणि देश ओळखून शब्द निवडायचा सराव होतच नाही. संच एकच, टॅग वेगळे. एका अर्थाचे चार शब्द एकाच दिवशी सुरू केले तर ते एकमेकांना खातात. एक देश आधी पक्का करा. कार्ड पुन्हा विचारलं जाण्याचा अवधी २१ दिवसांच्या पुढे गेला की त्याच अर्थाचा दुसरा देश घ्या.

अँकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर एकदाच पैसे द्यावे लागतात. दुसऱ्या वर्षाची वर्गणी भरण्यासारखं या संचात काही नाही. पहिल्या वर्षातच मजकूर काढून घ्या आणि वर्गणी प्ले स्टोअरच्या सदस्यता पानावर जाऊन रद्द करा. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर वर्गणी चालूच राहते.