साठ प्रश्न, सहा आकडे: ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर कितपत कामाचा?

‘मला नेमकं काय करायला आवडतं तेच कळत नाही’ असं कोणी म्हणायचा अवकाश, समोरचा एखाद्या चाचणीची लिंक पाठवतो. त्या गर्दीत अमेरिकेच्या श्रम खात्याचा ‘ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर’ आधी एका साध्या कारणासाठी आवडतो: शेवटच्या पानावर ‘सविस्तर अहवालासाठी पैसे भरा’ अशी पाटी येत नाही. तो ‘माय नेक्स्ट मूव्ह’ या संकेतस्थळावर आहे, खातं उघडावं लागत नाही आणि साठ प्रश्न पंधरा-वीस मिनिटांत आटोपतात. ३० प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे, पण तिच्यात प्रत्येक प्रकाराला जेमतेम पाच प्रश्न येतात. दहा मिनिटं वाचवण्यासाठी तिच्या नादी लागू नये.

चाचणीचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या विचारात आहे. कामाच्या आवडीचे सहा प्रकार: हातांनी आणि अवजारांनी करायचं काम, शोधक (प्रश्नाच्या मुळाशी जाणं), कलात्मक, सामाजिक (शिकवणं, मदत करणं), उद्यमी (विकणं, पटवणं, चालवणं) आणि पठडीचं (नोंदी, आकडे, ठरलेली पद्धत). प्रत्येक प्रकाराचे दहा प्रश्न असतात. ‘मुळीच आवडत नाही’ला ०, ‘खूप आवडतं’ला ४, म्हणजे प्रत्येक प्रकारात जास्तीत जास्त ४०.

प्रश्नांची घडण ही या चाचणीची खरी जमेची बाजू. ‘डॉक्टर व्हायला आवडेल का?’ असं ती विचारत नाही. ‘नवं औषध विकसित करणं’, ‘स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं’, ‘विटा किंवा फरशा बसवणं’, ‘नोंदी आणि फॉर्म तपासणं’ अशा कृती समोर ठेवते. पदाचं नाव आलं की त्याच्यामागून मान, पगार आणि नातेवाइकांची मतं हजर होतात. नुसती कृती वाचताना त्यांचा गलका बराच कमी होतो. शिक्षण किंवा पैसा यांचा विचार न करता उत्तर द्या, असं सूचनेतही म्हटलेलं आहे.

तरी लोक चुकतातच, आणि बहुतेक वेळा एकाच जागी: ‘आवडतं का’ या प्रश्नाला ‘जमतं का’चं उत्तर देतात. पंधरा वर्षं स्प्रेडशीट भरणारा माणूस ‘स्प्रेडशीट तयार करणं’ दिसताच सवयीने ‘आवडतं’ दाबतो आणि पठडीचा आकडा विनाकारण फुगतो. दुसरी खोड म्हणजे मधलं ‘सांगता येत नाही’ बटण. त्याचे २ गुण असतात. ते सतत दाबलं तर सहाही आकडे विसाच्या आसपास घुटमळतात आणि निकाल सपाट येतो. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यात पाच-सहाचाच फरक असेल, तर त्यावरून निर्णय घेऊ नये. अशा वेळी मधलं बटण नाहीच असं समजून पुन्हा बसावं. आणि थकव्याच्या दिवशी ही चाचणी देऊच नये. गळून गेलेल्या माणसाला विटा बसवणंही नको असतं आणि कादंबरी लिहिणंही.

निकालानंतर पूर्वतयारीची पाच पातळ्यांची शिडी येते. किती शिक्षण आणि अनुभव घ्यायची तयारी आहे ते निवडलं की व्यवसायांची यादी मिळते. यादीपेक्षा प्रत्येक व्यवसायाच्या पानावरची कामांची वर्णनं वाचावीत, तीच उपयोगाची. पगाराचे आणि मागणीचे आकडे अमेरिकेचे असतात, ते सरळ ओलांडून पुढे जावं. भाषा इंग्रजी किंवा स्पॅनिश, मराठी नाही. ज्याला इंग्रजी वाक्यं अडखळत वाचावी लागतात, त्याच्याजवळ कोणीतरी बसावं, पण अर्थ सांगण्यापुरतंच.

आता मुख्य तक्रार. यातून ‘पॅशन’ सापडते असं समजून कोणी बसला तर निराश होईल. आवड आणि व्यवसायाचा प्रकार जुळण्याचा कामातल्या समाधानाशी संबंध आहे, पण तो माफकच असल्याचं संशोधनात पुन्हापुन्हा दिसलं आहे. ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांच्या २०१८ च्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट पुढे आली: आवड आधीच तयार असते, फक्त सापडायची असते असं मानणाऱ्यांचा नव्या विषयातला रस, तो विषय अवघड होताच जास्त घसरला. म्हणून यादीतलं पहिलं नाव म्हणजे आपलं नशीब, असं मानणं तोट्याचं.

आहे त्या नोकरीत रस टिकवायला मात्र हे सहा आकडे चांगले उपयोगी पडतात, आणि नेमकं हेच ते संकेतस्थळ सांगत नाही. दोन आठवडे प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहायच्या: लागलेली मिनिटं, कामाचा प्रकार आणि संपल्यावर वाटलेला जोर, उणे २ ते अधिक २. नोंद काम संपल्या संपल्या करावी. संध्याकाळी आठवून लिहिली की सगळा दिवस शेवटच्या तासाच्या रंगाचा होतो.

समजा, लेखा विभागातल्या एकाचे आकडे पठडी ३१, शोधक ३०, सामाजिक २७ असे आले. चाचणीच्या हिशेबाने माणूस योग्य खुर्चीत बसलाय, तरी तो कंटाळलेला आहे. नोंदवही उघडली तर ८० तासांपैकी ५८ व्हाउचर चढवण्यात आणि बँकेचा ताळमेळ घालण्यात गेलेले. ‘हा आकडा जुळत का नाही?’ याच्या मागे लागण्यात फक्त तीन, आणि अधिक २ पडलेत ते त्याच तीन तासांपुढे. खुर्ची बदलायची गरज नाही, शोधक तास वाढवायला हवेत. न जुळणाऱ्या नोंदी आपल्याकडे मागून घ्यायच्या, बदल्यात तेवढ्याच वेळाचं चढवण्याचं काम सोडायचं. आठवड्याला चार तासांपासून सुरुवात पुरे. बदल्यात काही सोडलं नाही तर महिन्याभरात नुसता बोजा वाढतो आणि हा खटाटोप इथेच फसतो. कामाची अशी आतून फेररचना करण्याला व्रेझ्नेव्स्की आणि डटन या संशोधकांनी २००१ मध्ये ‘जॉब क्राफ्टिंग’ हे नाव दिलं. कामांची अदलाबदल हा त्यातला एक भाग. कोणाबरोबर काम करायचं आणि त्या कामाकडे कसं पाहायचं, हे बदलणंही त्यातच येतं.

नोंदवहीत सहाही प्रकारांपुढे उणेच उणे दिसलं तर चाचणी बाजूला ठेवावी. थकवा, वरिष्ठाचा जाच की खरोखर न आवडणारं काम, हे तिला ओळखता येत नाही. सलग सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्याची नोंद त्यापेक्षा जास्त सांगते: तेव्हा अधिकचे आकडे परतले आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गायब झाले, तर आधी कामाचे तास आणि झोप यांचा हिशेब मांडावा.

सहा आकडे तारखेसह कागदावर लिहून ठेवावेत आणि महिन्या-दोन महिन्यांनी चाचणी पुन्हा द्यावी. आकडे दोन-तीनने हलले तर दुर्लक्ष करावं. वरच्या तीन प्रकारांतला एखादा थेट तळाला गेला, तर पहिल्या खेपेला ‘सांगता येत नाही’ कितीदा दाबलं होतं ते आठवून पाहावं.