एल्डन रिंगचा नकाशा : आधी शिळा शोधा, मग मुलूख दिसेल

एल्डन रिंग मी दोनदा पूर्ण खेळलो आणि दोन्ही वेळा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर नकाशा उघडून बघत बसण्यात. गेम 25 फेब्रुवारी 2022 ला आला, तेव्हापासून बॉसवर, म्हणजे मोठ्या शत्रूंवर, भरपूर लिहून झालंय, नकाशावर फार कोणी बोलत नाही, म्हणून हा रिव्ह्यू फक्त नकाशाचा.

सुरुवातीला नकाशा उघडला की काहीच नसतं. म्हणजे तपकिरी कागद, त्यावर पुसट रस्ते, आपण कुठे उभे आहोत ते आणि बस्स. मिनीमॅप नाही, वरती फक्त दिशा दाखवणारी पट्टी आहे. पण त्या पुसट कागदावर झूम करून नीट बघितलं तर रस्त्याच्या कडेला एक अगदी छोटंसं उभ्या दगडाचं चिन्ह दिसतं, आणि तिथे प्रत्यक्षात खरंच एक शिळा उभी असते, तिच्या पायथ्याशी त्या भागाचा नकाशाचा तुकडा मिळतो. आपल्याकडे देवळाबाहेर नाहीतर गावाच्या वेशीवर वीरगळ असतात ना, मला पहिल्यांदा बघून तेच आठवलं. हे चिन्ह गेम कुठेच समजावून सांगत नाही, मला ते लिमग्रेव्ह, म्हणजे सुरुवातीचा मुलूख, संपत आल्यावर कळलं, तोपर्यंत मी आंधळा फिरत होतो. तुम्ही नवीन असाल तर पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा.

पहिला तुकडा गेटफ्रंटच्या पडक्या वस्तीजवळ, रस्त्यालगतच. तिथे सैनिकांची छावणी आहे, पण लढायची गरज नाही, शिळेपाशी जायचं, तुकडा उचलायचा आणि पळायचं. जवळच्याच ग्रेसवर, म्हणजे विसाव्याच्या सोनेरी उजेडापाशी, बसलात की मेलिना नावाची मुलगी येते आणि टोरेंट हा शिंगवाला घोडा मिळतो, मग पुढचे तुकडे गोळा करणं खूप सोपं जातं. माझी पद्धत आता ठरलेली आहे, नवीन भागात पोचलो की कोणाशीही न लढता घोड्यावरून आधी शिळा गाठायची, मेलो तरी तुकडा आपल्याकडेच राहतो.

आता मला यातलं सगळ्यात आवडलेलं. तुकडा मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, नकाशा वाचावा लागतो. दुसऱ्या बऱ्याच ओपन वर्ल्ड गेममध्ये नकाशा उघडला की प्रश्नचिन्हांचा सडा पडलेला असतो, आपण एकेक टिक करत जातो. इथे चिन्हं नाहीत, चित्रं आहेत. काळपट गोल भोक आणि कडेला लालसर रंग दिसला की ती खाण, म्हणजे आत स्मिदिंग स्टोन, हत्यार वाढवायची सोय. छोटं सोनेरी झाड काढलेलं असेल तर तिथे मायनर अर्डट्री, खाली बहुतेक वेळा एक भलामोठा राखणदार आणि फ्लास्कमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटलीत, घालायचा क्रिस्टल टिअर. पडकं चर्च दिसलं की जाऊन बघायचंच, बऱ्याच चर्चमध्ये सेक्रेड टिअर असतो आणि त्याने फ्लास्कची ताकद वाढते. मिस्टवुडच्या जंगलाजवळचं मरिकाचं तिसरं चर्च मी निव्वळ चित्र बघून शोधलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं, आणि तो आनंद कुठल्याही बॉसला हरवण्यापेक्षा कमी नव्हता. चित्रात शंका आली की बीकन लावायचा, एका वेळी पाच लावता येतात, त्यांचा उजेडाचा खांब लांबून दिसतो आणि दिशा चुकत नाही.

त्याच मिस्टवुडमध्ये एक विहीर आहे, सिओफ्रा नदीची. लिफ्टने खाली उतरायला लागलात की ती उतरतच जाते, उतरतच जाते, आणि खाली जमिनीच्या पोटात चक्क ताऱ्यांनी भरलेलं आभाळ. तेव्हा नकाशा उघडला तर कळलं की खालचा नकाशाच वेगळा आहे, वरचा आणि खालचा बदलून बघता येतो. मी रात्री दीड वाजता हे बघितलं आणि भावाला उठवून दाखवलं.

अजून एक, नकाशाचा कागद मुळात छोटा असतो आणि आपण फिरू तसा तो वाढतो. ड्रॅगन बर्न्ट रुइन्समध्ये तळघरात एक पेटी आहे, ती उघडली की धूर येतो आणि आपण थेट केलिड नावाच्या दुसऱ्या मुलखातल्या क्रिस्टल खाणीत जाऊन पडतो, तिथून फास्ट ट्रॅव्हलही (नकाशावरून लगेच दुसरीकडे जाणं) होत नाही, बाहेर पडेपर्यंत जीव मुठीत. पण बाहेर पडून नकाशा उघडला तर कागद एकदम पूर्वेला लांबच लांब पसरलेला, आणि तेव्हा पहिल्यांदा समजतं की जग केवढं आहे. चित्रांचं कोडंही असंच, मूळ गेममध्ये सात पेंटिंग आहेत, चित्रकार कुठे बसून काढत असेल ती जागा आपण नजरेने ओळखायची, त्यात नकाशा जेवढा उपयोगी तेवढाच डोंगराचा आकार.

कमी काय? एक म्हणजे उंची कळत नाही. समोर दोन बोटांवर दिसणारी जागा प्रत्यक्षात कड्याखाली असते आणि वाट भलतीकडूनच येते. मूळ गेममध्ये हे चालून जातं, पण 21 जून 2024 ला आलेल्या शॅडो ऑफ द अर्डट्री या जोडभागात (डीएलसी) जमीन थरावर थर आहे, तुकडे फक्त पाच, आणि सरळ कागदावर ते थर मावत नाहीत. सेरुलियन कोस्ट नकाशावर अगदी ग्रेव्हसाइट प्लेनला चिकटून दिसतो, पण आहे तो खूप खाली, तिथे पोचायला मला दोन संध्याकाळी गेल्या. राउहच्या अवशेषांचंही तसंच. वरच्या आणि खालच्या जमिनीसाठी नकाशात वेगळा रंग दिला असता तरी खूप मदत झाली असती. दुसरी गोष्ट, कोण कुठे भेटलं होतं ते आधी आपल्यालाच लक्षात ठेवावं लागायचं, मार्च 2022 च्या 1.03 अपडेटने भेटलेल्या माणसांची नावं नकाशावर यायला लागली, ते फार बरं झालं. भाषेत मराठी काय हिंदीसुद्धा नाही, पण नकाशाला भाषा लागतच नाही, माझा बारा वर्षांचा पुतण्या खाणी माझ्यापेक्षा आधी ओळखतो.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या. आणि लिमग्रेव्हमधून थेट स्टॉर्मव्हेल किल्ल्यात शिरू नका, आधी दक्षिणेचा पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुलाला जा, तिथला नकाशा छोटा आहे, चर्च आणि खाण चित्रावरून ओळखायची सवय तिथे छान लागते, मग लियुर्नियाच्या तळ्यातली शिळा शोधायला निघा.