लग्नाची मेंदी: घरी भिजवलेली, विकतचा कोन की ‘दहा मिनिटांत काळी’?

लग्न आठवड्यावर आलं की घरात कुणीतरी विचारतंच, “कोन आणायचे की मेंदी घरीच भिजवायची?” माझं उत्तर माणूस बघून बदलतं. नवरीला घरची. करवल्या, मावश्या, शेजारच्या पोरी यांना विकतचा कोन चालेल. काळी मेंदी मात्र कुणालाच नाही.

घरच्या मेंदीला सवड लागते, हे आधीच सांगते. राजस्थानातल्या सोजतची पावडर घ्या. तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पावडर वस्त्रगाळ हवी, नाहीतर ऐन नक्षीत कोन तुंबतो. १०० ग्रॅमला साधारण ३० ग्रॅम साखर, २०-३० मिली निलगिरी किंवा लव्हेंडरचं तेल आणि बसेल तेवढा लिंबाचा रस. हवेप्रमाणे सहा ते बारा तास झाकून ठेवा. वरचा थर तपकिरी झाला आणि चमचा फिरवल्यावर आत हिरवं दिसलं, की रंग सुटला म्हणायचं. खात्री हवी तर तळहातावर एक ठिपका ठेवून पाच मिनिटांनी पुसा. केशरी डाग उरला पाहिजे. कोन भरले की लगेच फ्रीजरमध्ये. बाहेर राहिले तर दोन-तीन दिवसांत जोर ओसरतो. आणि हो, सोसायटीच्या कुंपणाची पानं वाटायला जाऊ नका, ती बहुतेकदा कडू मेंदी असते. पाटा-वरवंटा झिजेल, हात कोरेच राहतील.

विकतच्या कोनाची सोय मोठी: आणला, टोक कापलं, बसलं. पण महिनोन्महिने कपाटात टिकणाऱ्या कोनात निव्वळ मेंदी कशी असेल? काही झटपट कोनांत सोडियम पिक्रामेट हा रासायनिक रंग सापडलेला आहे. मेंदीतल्या लॉसोन या रंगद्रव्याचा रंग आधी केशरीच उमटतो आणि एक-दोन दिवसांत गडद होतो. मेंदी खरवडल्या खरवडल्या लालभडक दिसला की समजायचं, हा रंग दुसऱ्याच कशाचा. मागे नागपंचमीला आमच्याकडे असाच एक कोन आला होता. त्याला रॉकेलसारखा भपकारा येत होता, तरी मुलींनी हौसेनं लावला. रंग झकास आला आणि चौथ्या दिवशी कोड फुटल्यासारखा ठिपक्या-ठिपक्यांनी निघाला. म्हणून कोनावर घटक छापलेले नसतील तर तो परत ठेवा.

काळ्या मेंदीवर फार शब्द घालवत नाही. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमीन) हे रसायन असतं. युरोपीय संघात ते कलपात २ टक्क्यांपर्यंत चालतं, अंगावर नक्षी काढायला नाही. फोड येतात, व्रण राहतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे साधा कलपही सोसत नाही. तान्ह्या बाळांना तर अस्सल मेंदीही नको. जी-६-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी तिनं फुटू शकतात.

आता निगा. घरची असो की चांगल्या कोनाची, तिची निगा सारखीच. लग्नाच्या दोन दिवस आधी काढा, म्हणजे मुहूर्ताला रंग भरात असतो. सुकू लागली की कापसानं लिंबू-साखर टिपा, पण हात चिंब करू नका, नक्षी ओघळते. सहा-आठ तास ठेवून सुरीच्या बोथट बाजूनं खरवडा. पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत नाही. तव्यावरच्या लवंगांची धुरी देतात, ती ऊब मिळण्यापुरती, लांबूनच. पुढे आंघोळीआधी खोबरेल चोळा, आणि भांड्यांच्या साबणापासून लांब राहा. तळहातावर रंग सर्वांत गडद आणि मनगटाच्या वर फिका, याचा नवऱ्याच्या प्रेमाशी संबंध नाही. तळव्याची कातडी जाड, एवढंच.

आपल्याकडची खरी अडचण हळदीची. हळद उतरवताना उत्साही आत्याबाई उटण्यानं हात घासून काढतात आणि त्या घासण्यानं रंगलेली कातडीच निघते. नवरीच्या तळव्यांना हळद बोटभरच लावा, घासू अजिबात नका. आणि मेंदीच्या रात्री वरणभात भरवायला कुणाला बसवायचं, तेही आधीच ठरवून ठेवा; त्या वेळी सगळ्या बहिणींचे हात मेंदीनं भरलेले असतात.