सीटखालची मेलेली बॅटरी

२०१९ ची बलेनो, मागच्या दारावर 'स्मार्ट हायब्रिड'ची पट्टी, अडतीस हजार रनिंग, किंमत ४ लाख ९० हजार. मे २०२४ मध्ये सांगलीतल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून मी ही गाडी घेतली आणि जुलैत कळलं की ती कृष्णेच्या पुरात बुडून निघालेली आहे. मधल्या दोन महिन्यांत आम्हाला कसं झुलवलं ते सविस्तर लिहिते, कारण या प्रकारच्या गाडीत फसवणूक लपवणं फार सोपं आहे आणि ते मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

मी शिक्षिका. राहायला साताऱ्यात, शाळा मेढ्याच्या पुढे. रोज घाट चढायचा-उतरायचा. हायब्रिडच हवी हा हट्ट माझाच. पेट्रोल बलेनोच्या डेल्टा आणि झेटा मॉडेलांना, तेही मॅन्युअल गिअरमध्ये, कंपनीनं २०१९ साली हे तंत्र दिलं होतं. २०२२ च्या नव्या बलेनोत ते काढून टाकलं. म्हणजे मिळाली तर जुनीच मिळणार. कंपनीचा मायलेजचा आकडा लिटरला २३.८७ किलोमीटर. घाटात तेवढं मिळणार नाही हे कळत होतं, पण एकोणीस-वीस मिळालं तरी महिन्याच्या पेट्रोलात बराच फरक पडला असता.

ही गाडी नुसत्या बॅटरीवर कधीच चालत नाही, हे इथंच सांगते. अल्टरनेटरच्या जागी एक छोटी मोटर-जनरेटर असते. पाय एक्सलेटरवरून काढला किंवा ब्रेक दाबला की ती वीज तयार करते, आणि ती वीज पुढच्या सीटखालच्या लिथियम बॅटरीत साठते. गाडी थांबवून न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद पडतं, क्लच दाबला की आवाज न करता सुरू होतं. उचल घेताना मोटर इंजिनाला थोडा हात देते. एवढंच. पण त्यामुळेच ती लिथियम बॅटरी मेली तरी गाडी चालतच राहते. सकाळी स्टार्टर फिरतो, गिअर पडतात, एसी लागतो. साध्या पेट्रोल गाडीसारखी ती वर्षानुवर्षं चालेल. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही, आणि विकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

गाडी बघायला मी आणि माझे दीर गेलो, तेही संध्याकाळी. आतमध्ये कोरं मॅटिंग, कोरी सीटकव्हरं आणि परफ्यूमचा इतका दर्प की काचा खाली कराव्या लागल्या. आरसीवर इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल/हायब्रिड' लिहिलेलं होतं, सरकारच्या 'वाहन' साइटवर पहिलाच मालक, कर्जाचा बोजा नाही. आम्ही निर्धास्त झालो. पुरात गेलेली गाडी अशी नोंद तिथं कुठंच नव्हती.

एक गोष्ट मात्र भाऊजींच्या डोळ्यात आली होती. नोंदणी सप्टेंबर २०१९ ची आणि विमा मार्च २०२४ चा. दरवर्षी नूतनीकरण होत गेलं असतं तर विमा सप्टेंबरलाच संपायला हवा. शिवाय पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. पाच वर्षांत एकही क्लेम नसलेल्या गाडीला तो चांगला पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. भाऊजींनी विचारलं तर डीलर लगेच म्हणाला, "साहेब, मालक दुबईला होते. गाडी शेडमध्येच उभी. म्हणून विमा तुटला, म्हणून तर रनिंग एवढं कमी आहे. ताई, घरची गाडी समजून घेऊन जा." शंकेची जागा त्यानं गाडीचा गुण करून दाखवली, आणि आम्ही दोघांनीही मान हलवली. कुणी असं उत्तर दिलं तर मागच्या सगळ्या पॉलिसींच्या प्रती मागा. नसतील तर तिथून उठा.

घरी आल्यावर आठवडाभर पोवई नाक्यावरच्या गर्दीत मी गाडी न्यूट्रल करून क्लच सोडून बघत होते. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. फोन केला. "ताई, एसी चालू असेल." बरोबर आहे, एसीला जोर हवा असला की ते बंद पडत नाही. एसी बंद करून बघितलं, तरी नाही. "इंजिन गरम व्हायला लागतं." तेही खरं. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून बघितलं, तरी नाही. "उभी असलेली गाडी आहे, बॅटरी भरायला दोन-तीन आठवडे लागतील, तुम्ही चालवत राहा." हे मात्र धादांत खोटं होतं. बॅटरी चांगली असेल तर एक मोठा उतार उतरतानाही मीटरमधल्या चित्रात तिचे रकाने वाढताना दिसतात. माझ्या मीटरमध्ये ते जागचे हलत नव्हते. पण आधीची दोन उत्तरं खरी निघाल्यामुळे मी तिसऱ्यावरही विश्वास ठेवला. त्यानं एक महिन्याची गॅरंटी लिहून दिली होती, इंजिन आणि गिअरबॉक्सची. तो महिना असाच फोनवर गेला. मायलेज पंधराच्या पुढं सरकलं नाही.

मग पाऊस लागला. मेढ्याकडं पाऊस कसा असतो ते इकडच्यांना माहीत आहे. आठ दिवसांत गाडीत वास सुटला. ओल्या कपड्यांचा नव्हे, पूर ओसरल्यावर घरात येतो तसा, चिखल कुजल्याचा. माझं माहेर पलूस तालुक्यातलं, नदीकाठचं. २०१९ चा पूर मी पाहिलाय, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. तो वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. दार उघडून मी तिथंच उभी राहिले. आत बसवेना.

शाळेतल्या शिपाईमामांनी त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडं पाठवलं. मिस्त्रींनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले. ओढतच गेले, पार शेवटच्या टोकापर्यंत. रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येत नाही तिथं काळ्या पट्ट्यावर आडवी मातकट रेघ होती. रेघेच्या एका बाजूला पट्टा मऊ, दुसऱ्या बाजूला खरखरीत. "बाई, ही गाडी पाण्यातनं आलीया," ते म्हणाले. "ह्यो पट्टा धुवायचं कुणाच्या ध्यानात येत न्हाई."

मग त्यांनी सीट खोलली. बोल्ट नवे चकचकीत आणि ज्या पट्टीत ते बसवले होते ती गंजून पापुद्रे सुटलेली. मॅटिंग उचललं तर खाली बारीक काळा गाळ वाळून बसलेला, बोटांनी चोळला तर पिठासारखा. लिथियम बॅटरीच्या डब्याची वायर काढून टाकलेली, तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि जोडाच्या पितळी टोकांवर हिरवट-पांढरी पूड धरलेली. म्हणजे बॅटरी नुसती बिघडली नव्हती, कुणीतरी समजून-उमजून तिचा जोड तोडून ठेवला होता. डबा उघडू का असं मी विचारलं तर त्यांनी मला मागं सारलं. पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते, त्यामुळे तिला घरी कुणीही हात लावू नये. नुसत्या बॅटरीवरही धावणाऱ्या पूर्ण हायब्रिड गाड्यांत तर शेकडो व्होल्टच्या नारिंगी केबली असतात, त्या साध्या गॅरेजचं काम नव्हेच. पुढची नेहमीची बॅटरीही स्वस्तातली साधी बसवलेली होती. वारंवार बंद-सुरू होणाऱ्या इंजिनाला वेगळ्या, दणकट जातीची लागते.

मला पडलेला प्रश्न मी विचारला, एवढं तोडून ठेवलं तर मीटरवर दिवा का लागला नाही? त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता. "मोजा," म्हणाले. किल्ली दिली की सगळे इशाऱ्याचे दिवे लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. माझ्या गाडीत ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला, एअरबॅगचा लागला. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाच नाही. मीटर खोलून तो मारून टाकला होता. दोन महिने मी रोज किल्ली फिरवत होते, पण काय लागत नाही याकडं कधी बघितलंच नव्हतं.

आरसीवरच्या पत्त्यावर आम्ही सांगलीला गेलो. पहिले मालक निवृत्त गृहस्थ, दुबई त्यांनी पाहिलेलीही नाही. गाडी आमच्याकडं आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. जुलै २०२१ च्या पुरात गाडी पार्किंगमध्ये अडकली होती. मोबाइलमधला फोटो त्यांनी दाखवला: गढूळ पाणी, त्यावर फक्त टप आणि अँटेना. विमा कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडं गेलेली, धरून पैसे दिले, गाडी भंगारवाले घेऊन गेले, आणि जाताना मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर त्यांच्या सह्या घेऊन गेले. "मला वाटलं, तिचे तुकडे झाले," असं ते दोनदा म्हणाले. त्याच सह्यांवर तीन वर्षांनी गाडी माझ्या नावावर झाली. तोवर कागदोपत्री मालक तेच होते. या काळात त्या गाडीनं कुणाला उडवलं असतं तर पोलीस त्यांच्या दारात आले असते. गाडी विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, भंगारात दिली तरी कोरी सही देऊ नका.

डीलर सरळ कानावर हात ठेवून मोकळा झाला. "आम्हीही फसलो," म्हणाला. मीटरचा दिवा कुणी मारला यावर गप्प. त्याच्याकडं आरटीओचं अधिकारपत्रही नव्हतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते घ्यावं लागतं, आणि मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना २९-सी फॉर्मवर आरटीओला जाते. हे दोन कागद मी पहिल्याच दिवशी मागितले असते तर बोलणं तिथंच संपलं असतं.

आम्ही आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलांची नोटीस, आणि उत्तर न आल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात दावा. खरेदी सांगलीची असली तरी राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे साताऱ्यातच दाखल झाला. दोन वर्षांची मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सीट खोलताना मिस्त्रींनी काढून घ्यायला लावलेले फोटो, डीलरचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळं जोडलं. जाहिरातीत 'नॉन-अ‍ॅक्सिडेंट, हायब्रिड, टॉप कंडिशन' असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

गाडी सध्या मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी आहे, बॅटरी सुटी करून. मी एसटीनं जाते. गेल्या आठवड्यात सांगलीहून पाकीट आलं. त्या गृहस्थांनी विमा कंपनीच्या टोटल लॉसच्या पत्राची प्रत पाठवली आहे आणि सोबत चिठ्ठी, की प्रतिज्ञापत्र करायला ते स्वतः साताऱ्याला येतील, तारीख तेवढी कळवा.